जत्रेच्या दिवशी उघडं राहिलेलं गोडाऊन

साबण, टूथपेस्ट आणि चहापत्ती विकणाऱ्या एका बलाढ्य कंपनीचा मी कोल्हापुरातला सेल्स ऑफिसर होतो. बलाढ्य म्हणजे मुंबईत. कोल्हापुरात ती कंपनी म्हणजे अण्णांचं गोडाऊन, एक टेम्पो आणि पाच-सहा माणसं. अण्णा आमचे डिस्ट्रिब्युटर. घराणं लिंगायत व्यापाऱ्यांचं, बोलणं रोखठोक. दुकानदार आमच्या साबणाला सरळ ‘अण्णांचा साबण’ म्हणायचे. मुंबईला हे कळलं असतं तर तीसुद्धा रिस्क ठरली असती.

कारण दोन हजार सालाच्या आसपास कंपनीनं रिस्कचं एक वेगळं खातंच काढलं होतं. त्या खात्याचा साहेब माझ्या धाकट्या भावापेक्षा लहान, खांद्याला लॅपटॉप. तो न कळवता कोल्हापूरला आला आणि नेमका गडमुडशिंगीच्या जत्रेदिवशी आला. गोडाऊनला कुलूप. मी त्याला समजावून सांगितलं की गोडाऊन सांभाळणारे मामा मुडशिंगीचे, त्यांनीच आपल्या भावकीतली पोरं कामाला लावलेली, त्यामुळे आज सगळे मामांच्या घरी जेवायला. टेम्पोही तिकडंच. अण्णाही तिकडंच. अण्णा मटणाला शिवत नाहीत, पण मामांच्या घरी गेले नाहीत असं एक वर्ष झालेलं नाही. साहेबानं टाय सैल केला आणि विचारलं, बॅकअप काय? आता जत्रेला कसला आलाय डोंबलाचा बॅकअप!

महिन्याभरात मुंबईहून निदान आलं. सगळा स्टाफ एका गावचा, हीच रिस्क. औषध असं की दर गावचा एक माणूस घ्यायचा, म्हणजे एका जत्रेनं काम अडणार नाही. आणि यापुढं कामाच्या दिवशी गोडाऊन बंद सापडलं तर अण्णांची एजन्सी रद्द. वडिलांच्या वेळेपासूनची एजन्सी ती. हे अण्णांना सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. अण्णा ऐकून खदाखदा हसले आणि म्हणाले, बघ आता गंमत.

गंमत लवकरच दिसली. मुडशिंगीची दोन पोरं कमी करून एक कळंब्याचा घेतला, एक इचलकरंजीचा मुसलमान सेल्समन घेतला, एक कागलकडचा. सगळे एका टेम्पोत बसून फिरणार, एका डब्यातलं खाणार, म्हणजे एकमेकांचे पावणेच झाले की. कळंब्याची जत्रा आली, सगळ्यांना आमंत्रण. इचलकरंजीचा उरूस आला, सगळ्यांना आमंत्रण. न जाऊन सांगता कुणाला! पूर्वी गोडाऊन वर्षातून एकदा बंद राहायचं, आता कुठल्याही गावचा देव जागा झाला की आमच्या शटरला कुलूप. साहेबानं रिस्क वाटून टाकली होती आणि ती पंचक्रोशीभर उगवली होती. मी फोनवर मुंबईला थापा मारून मारून थकलो.

शेवटी साहेबाला वास लागलाच. पुढच्या मुडशिंगीच्या जत्रेला आपण स्वतः येणार, असा त्याचा निरोप आला. आता थाप चालणार नव्हती. अण्णांनी मामांना बोलावलं, पोरांना घेऊन जा म्हणाले, मी यंदा हितंच बसतो. मामा नुसतं ‘बरं’ म्हणाले.

जत्रेच्या सकाळी अण्णांनी स्वतः शटर वर केलं, स्वतः झाडू मारला आणि खुर्ची टाकून बसले. मी शेजारी. एक ऑर्डर आली नाही. येणार कुठून, निम्मे दुकानदार जत्रेत. साहेब आला, उघड्या शटरचा फोटो काढला, अण्णांचा हात हातात घेऊन इंग्रजीत कौतुक केलं आणि दुपारी निघून गेला. माझा जीव भांड्यात पडला. वाचली की एजन्सी, मी म्हणालो. अण्णा रस्त्याकडं बघत बसले होते.

दिवस मावळायला मामा आले. अंगावर जत्रेचे कपडे, हातात फडक्यात बांधलेला डबा. डबा अण्णांपुढं ठेवून खाली मान घालून म्हणाले, “दरसाल परसात तुमच्यासाठनं वायली, बिनमटणाची चूल मांडतो. यंदाबी मांडलीती. आमची म्हातारी दिवसभर तिच्याम्होरं बसली. चूल इझू दिली न्हाय तिनं. म्हणली, येतील की अण्णा.”

अण्णांनी तिथंच डबा उघडला. थंड झालेल्या पुरणपोळ्या होत्या. सगळ्या खाल्ल्या. मला तर तिथं उभंही राहवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एजन्सी सोडली. मी हातापाया पडलो, निदान दिवाळीपर्यंत थांबा म्हणालो. ते म्हणाले, “परत आसं बसायचं न्हाय मला.” मुंबईत साहेबानं लिहिलं की हा पार्टनर बेभरवशाचा आहे हे आपल्या खात्यानं आधीच ओळखलं होतं. त्याला बढती मिळाली. नवा डिस्ट्रिब्युटर नेमला. माणसं त्यानं तीच ठेवली, दुसरी आणणार कुठून?

पुढच्या जत्रेला मी आजारपणाची रजा टाकली आणि मामांच्या परसात अण्णांच्या शेजारी जेवायला बसलो. पलीकडच्या मटणाच्या पंगतीत नवा डिस्ट्रिब्युटर रस्सा ओरपत होता. मला बघून त्यानं मान खाली घातली, मीही घातली. म्हातारी पोळ्या वाढत आमच्यापर्यंत आली आणि अण्णांपुढं थांबली.

“गेल्या साली का आला न्हाईसा?”

अण्णांनी माझ्याकडं बोट केलं. “ह्येच्या कंपनीला इचारा, आई.”

म्हातारी माझ्याकडं वळली. हातात गरम पोळी तशीच धरून ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. रिस्क म्हणजे काय, हे मी मुंबईच्या सांगण्यावरून गावोगावच्या सेल्समनना तासन्‌तास शिकवलं होतं. त्या बाईपुढं मी फक्त ताट सरकवलं.