थांबा मिस्त्री

खाणीच्या फाटकाला लागून असलेल्या वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे ‘थांबा मिस्त्री’ म्हणत. ट्रकला मोठा टर्बो बसवायचा, पंप वाढवायचा, इंजिनातून मूळच्या दीडपट ताकद काढायची, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण त्यांच्या हातची गाडी सुरू केल्याबरोबर निघायची सोय नसे. मिस्त्री दाराशी उभे राहून म्हणत, “थांबा.” ड्रायव्हर गमतीने म्हणायचे, यांच्याकडे गाडी चालू करावी आणि घरी जाऊन दाढी उरकून यावं. मिस्त्री हसत नसत.

चार वर्षांपूर्वी ते असे नव्हते. धाकट्या भावाच्या ट्रकचं इंजिन त्यांनी तेव्हा नुकतंच वाढवलं होतं. कडाक्याची थंडी, सकाळचे सात. जास्त ताकदीच्या पिस्टनना जरा ढिलं बसवावं लागतं, त्यामुळे थंड इंजिन कटकट करत होतं.

“दादा, पाच मिनिटं. ऑइल अजून घट्ट आहे,” भाऊ म्हणाला.

मागे दोन ट्रक खोळंबले होते, हॉर्नवर हॉर्न चालले होते. मिस्त्री खेकसले, “पाण्याचा काटा वर आलाय ना? मग नीघ! बाकीचं तापेल वाटेत.”

इंजिनभोवतीचं पाणी लवकर तापतं, ऑइल तापायला मागे राहतं. भावाला हे त्यांनीच शिकवलं होतं.

फाटकाबाहेर लगेच उभा चढ. तिसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं, मागची चाकं अडली, स्टिअरिंग दगडासारखं झालं आणि भरलेला ट्रक ओल्या रस्त्यावरून मागे घसरत, कठडा तोडून भावासकट दरीत गेला.

इंजिन मिस्त्रींनीच उघडलं. ऑइल न पोचल्याने बेअरिंग कोरडं पडून निळं-काळं झालं होतं. घरी त्यांनी सांगितलं, “पार्ट खराब निघाला.”

तेव्हापासून भर दुपारीसुद्धा कुणी थंड इंजिन सुरू केलं की त्या कटकटीतून त्यांना स्पष्ट ऐकू यायचं, “दादा, पाच मिनिटं.” आत कुणी बसलंय असं वाटून रिकाम्या केबिनकडे पाठ करायचं त्यांनी सोडलं. एकदा एका ड्रायव्हरने तेच शब्द सहज म्हटले, तर मिस्त्री हातातलं काम तसंच टाकून वर्कशॉपबाहेर निघून गेले.

गेल्या महिन्यात भावाची बायको अवजड गाडीचं लायसन्स घेऊन खाणीत कामाला लागली. आपला ट्रक घेऊन ती थेट त्यांच्याकडे आली.

“दादा, हे इंजिन वाढवून द्या. चढाला दम टाकतं.”

“तुला मी नाही देणार करून.”

“का?”

चार वर्षं लपवलेलं त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली. “निघता निघता त्यांचा फोन आला होता. म्हणाले, दादा ओरडतोय, मी गाडी थंडच काढतोय.”

“मग इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?”

“तुम्ही कधी सांगता ते बघत होते. आता आईंना सांगा. तुम्हीच. मी नाही सांगणार.”

इंजिन त्यांनी करून दिलं, डॅशबोर्डवर ऑइलच्या तापमानाचा वेगळा काटा बसवला. पहिल्या दिवशी तो काटा वर येईपर्यंत ती समोर बघत बसून राहिली. मग खालच्या गिअरमध्ये हळू चढाला लागली.

त्याच दुपारी मिस्त्री घरी गेले. आई खिडकीपाशी उशीचा अभ्रा शिवत बसली होती. त्यांनी सगळं सांगितलं. आईची सुई थांबली.

“त्याने स्वेटर घातला होता का रे?”

मिस्त्री आठवत राहिले. काटा आठवला, हॉर्न आठवले, स्वतःचा चढलेला आवाज आठवला. भावाकडे तेव्हा त्यांनी पाहिलंच नव्हतं.

“नाही आठवत, आई.”

आईने अभ्रा बाजूला ठेवला, ती भिंतीला धरून उठली आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं. मिस्त्री तिथेच बसून राहिले.