बाईसाहेबांचा घेर

शिंप्याच्या घरात मांजर म्हणजे काळ्या कोटावर पांढरे केस आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या, असं मास्तरांचं ठाम मत होतं. पण लेक म्हणाली, "बाबा, पंधराच दिवस," आणि मास्तर मुकाट्याने "बरं" म्हणाले. तिला नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

लेक दुसऱ्या शहरात नोकरीला. बढतीआधीचं पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा, म्हणून तिचं मांजर, नाव बाईसाहेब, वडिलांकडे. टोपली ठेवली, वाडगा ठेवला, सतरा सूचना दिल्या आणि चहाला थांब म्हटलं तरी लेक उभ्या उभ्या निघूनही गेली. मांजर जे कपाटाखाली शिरलं, ते दोन दिवस बाहेर यायला तयार नाही.

"बाईसाहेब, रुसवा माझ्यावर कशाला?" मास्तर जमिनीवर आडवे होऊन म्हणाले. "माझ्याकडेही लेक घडीभर बसली नाहीच."

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. लेकीचा फोन यायचा महिन्यातून एकदा, तोही "बरे आहात ना? ठेवते" एवढाच. आपण होऊन करावा तर ती कामात असणार, उगाच कशाला त्रास, म्हणून मास्तर करायचे नाहीत. आणि आता पाहा, रोज संध्याकाळी सातला फोन! बाईसाहेब दाखवा, कपाटाखाली फोन धरा, पाणी प्यायली का, खाल्लं का. तिसऱ्या दिवशी तर तिने चक्क विचारलं, "आणि तुम्ही जेवलात?" मास्तर त्या दिवशी हातशिलाई करताना गुणगुणत होते.

पाचव्या दिवशी बाईसाहेबांनी वाडगा चाटूनपुसून साफ केला, आणि तिथेच घोळ झाला. "खातेय ना? मग सुटले मी," लेक म्हणाली. "आता आठवडाभर फोन नाही करत हं, अभ्यास पडलाय."

मास्तरांच्या तोंडातून निघून गेलं, "तसं... दुपारपासून तोंड लावलेलं नाही तिने."

त्या दिवशी फोन अर्धा तास चालला. पुढे तो सकाळ-संध्याकाळ येऊ लागला. मास्तर रोज "कपाटाखालीच बसलीय, दिसत नाही" अशा थापा मारत होते आणि बाईसाहेब पायाशी बसून उकडलेला मासा हाणत होत्या. लाज वाटत नव्हती असं नाही. वाटायची, सात वाजेपर्यंत.

आता माणूस खोटं बोलायला लागला तर पुरतं तरी बोलावं! पण चाळीस वर्षांची सवय. दारात आलेल्याचं माप घ्यायचं आणि तारीख घालून वहीत लिहायचं. तशी बाईसाहेबांचीही नोंद झाली होती. पोटाला टेप गुंडाळला की ती टेपच्या टोकाशी खेळायची, मास्तरांना हसू यायचं, म्हणून रोज घेतलं माप. साडेपंधरा इंच, पावणेसोळा, सोळा. वहीत खोटा आकडा लिहायचं मास्तरांच्या डोक्यातही आलं नाही.

अकराव्या दिवशी सकाळी दारात लेक उभी! केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. "कुठाय ती? मी सगळं सोडून आलेय. डॉक्टरची वेळ घेतलीय."

बाईसाहेब मशीनवर पसरल्या होत्या. लेकीने उचललं आणि वजनाने तिचा हातच खाली गेला. शेजारी वही उघडी. तिने वरपासून खालपर्यंत वाचली.

"ही उपाशी होती?"

मास्तर खडूशी चाळा करत राहिले. "नव्हती."

"मग का सांगितलंत?"

"फोन करायचीस ना तू."

लेक मटकन खाली बसली. "बाबा, प्रशिक्षणाचा एक दिवस चुकला तरी परीक्षेला बसू देत नाहीत, माझी परीक्षा गेली. आता वर्षभर थांबा." आवाज चढला, मग फुटला. "नुसतं सांगायचंत ना, फोन कर म्हणून! आता तुमच्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवू मी?"

मास्तरांना जीव नकोसा झाला. "चुकलो गं," एवढंच म्हणाले. लेकीने टोपली भरली. दुपारच्या गाडीने दोघी गेल्या. या वेळीही तिने चहा घेतला नाही, पण या वेळी तिला थांब म्हणायची मास्तरांची छाती झाली नाही.

घर एकदम मोठं झालं. कोटाची बाही उसवून ठेवली होती, तिला टाका घालवेना. सात वाजले, सव्वासात झाले. मास्तरांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा स्वतः लावला.

"काय झालं?" लेकीने घाबरून विचारलं.

"काही नाही. पोचलात का? बाईसाहेब... खाल्लं का तिने?"

"खाल्लं."

"बरं." मास्तरांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "ती खाणारच. मला ठाऊक होतं. मी तुझ्यासाठी फोन केलाय. तुझ्याशी बोलावंसं वाटलं."

लेक नाक ओढून हळूच म्हणाली, "बोला बाबा. मी बसलेय. बोला."

मास्तर खुर्चीत सरसावून बसले. तोंड उघडलं. आणि मांजर सोडून लेकीशी काय बोलायचं, ते काही केल्या त्यांना सुचेना.