जुईच्या गालावरची तीट

माझी विहीण धरणगावहून नातीला बघायला येणार म्हटलं की मी जुईच्या गालावर रुपयाएवढी तीट लावायचे. विहिणीचीच दृष्ट लागू नये म्हणून! तेव्हा वय पन्नाशीचं, अक्कल मात्र बोहल्यावरच राहिलेली... ती विहीण, म्हणजे आमच्या अक्का, गेल्याचा फोन आला, तेव्हा रडायच्या आधी मला ती तीटच आठवली. महिना होत आला त्याला.

जुई जन्मली ती हृदयाला छिद्र घेऊनच. वजन वाढलं की ऑपरेशन करू, असं डॉक्टर म्हणाले होते. मग काय, देवपुरातल्या आमच्या घरात वजनकाटा हाच देव. आणि बघता बघता पोरीचे गाल टम्म झाले. बाळसं धरलं म्हणून मी गल्लीभर पेढे वाटले!

अक्का आल्या. जुईला मांडीवर घेऊन तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो लवकर भरेचना. मग उठून गच्चीत गेल्या आणि तिथूनच विचारलं, "याहीनबाई, दोरीवर बठ्ठी झबलीच शेतस. लंगोट कोठे शेतस?" लंगोट फारसे ओलेच होत नव्हते; धुणं कमी झालं म्हणून मी आपली खुशीत होते. खाली येऊन त्या हळूच म्हणाल्या, "हाई बाळसं नही, सूज शे."

मला मिरची झोंबली. त्या रिक्षा बघायला गेल्या, तर मी इकडे खरोखरच मीठ-मिरच्या हातात घेऊन त्यांच्या नावाने दृष्ट काढायला बसले. त्या परत आल्या आणि माझ्यापुढून पोर उचलली. मिरच्या मुठीतच घेऊन मी रिक्षात बसले.

दवाखान्यात कळलं, वाढलेलं वजन सगळं पाण्याचं होतं. हृदय पुरेसं रक्त पोचवत नव्हतं, त्यामुळे मूत्रपिंडं थकली होती, लघवी आटली होती. अजून उशीर केला असता तर... अशा मुलांचं हृदय सांभाळताना मूत्रपिंडांवरही लक्ष ठेवा, असं डॉक्टरांनी बजावलं.

जुई वाचली, पुढे ऑपरेशनही झालं. आता ती जळगावला कॉलेजात आहे. दरवर्षी लघवी, रक्त, रक्तदाब तपासतो. अक्का होत्या तोवर त्यांचा फोन आला की रामराम राहिला बाजूला, आधी "लघवी साफ व्हस ना वं?" मैत्रिणींच्या घोळक्यात पोरगी लाजून लाल! आणि भेटल्या की पहिल्यांदा नडगीवर अंगठा.

अक्कांच्या दशक्रियेहून परतल्यावर जुई माझ्याजवळ बसली, माझ्या मांडीवर पाय ठेवला नि म्हणाली, "आजी, आता तू दाब." मी दाबलं. खळगा पडला नाही. तरी अंगठा काढवेना...

तेव्हा सूज उतरून जुई दवाखान्यातून घरी आली, त्या दिवशी मी काजळाची डबी अक्कांपुढे ठेवून सगळं सांगून टाकलं होतं. तोंडाला पदर लावून त्या डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. मग आधी स्वतःच्या डोळ्यांकडे, नंतर जुईच्या नडगीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मनी नजर लागनी नही, याहीनबाई. नजर पडनी."