वासविरोधी पक्षाचा पुढारी

बोईसरच्या आमच्या इमारतीत अजूनही सांगतात की, बोंबलांच्या ताटाला भुलून मी पक्ष बदलला. हे धादांत असत्य आहे. ताट नंतर आले.

शेजारचे बिऱ्हाड चिंचणीच्या एका गृहस्थांचे. रोज संध्याकाळी आम्ही बुद्धिबळ खेळत असू. पावसाळ्याच्या बेगमीसाठी ते गच्चीवर बोंबील वाळत घालत. काहींना तो वास सोसेना. बैठक झाली आणि मोठ्या आवाजाचा निवृत्त फोरमन म्हणून त्यांनी मला पुढारी केले. पुढारीपण नाकारण्याची मला सवय नाही. महिन्याभरात दोन्ही पक्षांचे बाक वेगळे झाले, चहा वेगळा झाला. बोंबील नको म्हणणाऱ्याने लिफ्टचा नवा रंगही नको म्हणावा, असा अलिखित नियम झाला. बुद्धिबळ अर्थातच थांबले.

एका दुपारी सेक्रेटरींनी नाक मुरडले. "आला बघा!"

"भयंकर," दुसरे म्हणाले.

"डोकं उठलं हो," तिसरे.

सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी रुमाल नाकाला लावला आणि मोर्चा गच्चीवर नेला. तेथे एकही बोंबील नव्हता. सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींच्या पांढऱ्याशुभ्र कुरडया तेवढ्या उन्हात पडल्या होत्या.

"वारा फिरला असेल," सेक्रेटरी म्हणाले. तेही सर्वांना पटले.

आता खरे सांगतो. एका जुन्या आजारपणापासून मला कसलाच वास येत नाही. बाकीच्यांची नाके मात्र शाबूत होती. तेव्हा अपराध त्यांचा मोठा.

त्याच संध्याकाळी मी शेजाऱ्यांचे दार ठोठावले आणि उभ्या उभ्या कबुली दिली.

"म्हायती हाय," पट काढत ते म्हणाले. "रोज सकाळी भिंत कोन ठोकतो? तुमचं दूद करपतं, तुमाला कळत नाय."

भांडणाच्या त्या महिन्यातही ठोकणे एक दिवस चुकले नव्हते. शत्रूचा उपद्रव समजून मी तावातावाने उठे आणि उठलोच आहे तर गॅस बंद करावा, म्हणून करीत असे.

"मग बोलला का नाहीत?"

"पुढाऱ्याची लाज ठेवली, सायेब. बसा आता."

त्या संध्याकाळचा डाव मी हरलो, असे ते सांगतात. तेही असत्य आहे. डाव अर्धाच राहिला, कारण बोंबील भाजून झाले होते.