आमच्या दादाचा आवाज

घड्याळजींबद्दल कोणीतरी लिहायला हवं, असं सिस्टर म्हणाल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी पाणीखात्यात मीटर वाचायचो. आकड्यांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. पण त्या शनिवारी जे झालं त्याचा धक्का आमच्यापैकी कोणाच्याच अंगातून अजून गेलेला नाही. बाकीचे बोलून मोकळे होतात, मला तेही धड जमत नाही. म्हणून हे.

घड्याळजींचं दुकान रुग्णालयासमोरच्या गल्लीत आहे. पुढे दुकान, मागे एक खोली, वर घर. दुकानात भिंतभर घड्याळं आहेत आणि ती सगळी एकच वेळ दाखवतात. रस्त्यानं जाणारा कोणी मनगटाकडे बघून थबकला की काउंटरमागून आवाज येतो, "मागे आहे तुमचं. आत या." घड्याळ लावून देण्याचे ते काही घेत नाहीत, पण बोलणी पुष्कळ ऐकवतात, त्यामुळे गल्लीतले जाणते लोक दुकान आलं की हात खिशात घालतात. एकदा तर बँकेत जाऊन त्यांनी मॅनेजरला सांगितलं होतं, की तुमचं भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे आणि माणसं दारात उभी असताना तुम्ही दार लावून घेता. मॅनेजरनं घड्याळच काढून टाकलं.

मागच्या खोलीत त्यांचा रेकॉर्ड प्लेअर आहे. शनिवारी दुपारी आम्ही तिथे जमतो. घड्याळजी, समोरच्या रुग्णालयातून निवृत्त झालेल्या सिस्टर, अजूनही ट्रक चालवणारे ड्रायव्हरसाहेब आणि मी. आम्हाला वेड आहे ते अमेरिकेतल्या कंट्री गाण्यांचं. गिटार, व्हायोलिन, लांबच लांब रस्ता आणि कोणीतरी सोडून गेलेलं. भाषा परकी. ड्रायव्हरसाहेबांना निम्मी कळते, सिस्टरना त्याच्या निम्मी, आणि मी मान हलवतो. नियम दोनच. गाणं चालू असताना बोलायचं नाही, आणि रेकॉर्डला घड्याळजींशिवाय कोणी बोट लावायचं नाही.

हे दोन्ही नियम मोडायच्या त्या वहिनी, म्हणजे घड्याळजींच्या बायको. त्यांचं शिवणयंत्र त्याच खोलीत होतं. पडदे आणि उशांचे अभ्रे शिवता शिवता त्या आमची गाणी ऐकत आणि मधूनच शेरे मारत.

एकदा घड्याळजींनी जुन्या बाजारातून रेकॉर्डचा एक खोका आणला. त्यात एक मोठी रेकॉर्ड होती, आमच्यापैकी कोणी नावही न ऐकलेल्या गायकाची. कव्हरवर एक बुटका डोंगर, एक रिकामी गाडीवाट, आणि खाली नावाचं पहिलं अक्षर व आडनाव. बस. आतली कागदी पिशवीही नव्हती. घड्याळजींनी ती लावली. खोल, जड, ओढत नेल्यासारखा आवाज. गिटारसुद्धा पेंगुळल्यासारखी.

वहिनींचं यंत्र थांबलं. "अहो, हा जेवून झोपलाय का?"

"त्याची शैली आहे ती."

"शैली कसली. चढावर हातगाडी ओढतोय नुसती." त्या उठल्या, रेकॉर्डच्या कडेला बोट लावलं आणि तिला पुढे ढकललं. क्षणभर आवाज बारीक झाला. "हे बघा, जागा झाला."

घड्याळजींनी झटकन सुई उचलली. "सुई खराब होते. आणि मोठी रेकॉर्ड मंद वेगावर लावायची असते, छोटी जलद वेगावर. वेगाचं मला शिकवू नकोस."

"घड्याळं तुमची तुम्ही बघा. माणूस झोपलाय की जागा आहे, एवढं मला कळतं."

आम्ही हसलो. ती रेकॉर्ड फळीवर गेली ती तिथेच राहिली.

पुढच्या वर्षी वहिनी गेल्या. सकाळी पडदे शिवत होत्या, दुपारी समोर रुग्णालयात नेलं, संध्याकाळी नव्हत्या. घड्याळजींनी शटर ओढून घेतलं. सिस्टर डबा घेऊन जायच्या आणि भरलेला डबा परत आणायच्या. आम्ही पायरीवर बसायचो, ते आतून म्हणायचे, "आज नको." चावीची घड्याळं आत एकेक करून बंद पडत गेली. शटरला कान लावला की टिकटिक कमी होत चाललेली कळायची. त्या माणसाच्या दुकानात घड्याळं बंद पडतात, हे मला फार भीतीदायक वाटलं होतं.

मग एका शनिवारी शटर अर्धं वर दिसलं आणि आतून तोच जड आवाज आला.

घड्याळजी स्टुलावर बसले होते. दाढी वाढलेली. म्हणाले, "ऐका. बायको गेल्यावर गातोय हा. शब्द सोडा, श्वास ऐका. दोन ओळींच्या मध्ये किती वेळ लावतो बघा. पुढची ओळ म्हणावी की नाही, हेच त्याला कळत नाही."

आम्ही ऐकलं, आणि खरंच तसं होतं. सिस्टरनी निदान केलं, की हा माणूस साठीचा असावा आणि छातीत धूर बसलाय. ड्रायव्हरसाहेब म्हणाले, "पैजेवर सांगतो, लांब पल्ल्याच्या लाइनवर ट्रक चालवलाय यानं. एकटा माणूसच असा गातो." त्याला आम्ही दादा म्हणू लागलो. दुसऱ्या दिवशी घड्याळजींनी दाढी केली आणि घड्याळांना चाव्या दिल्या. दुकान सुरू झालं. ते एकदा मला हळूच म्हणाले, "हा आहे म्हणून शटर वर जातं हो."

दादाच्या आणखी रेकॉर्ड शोधायचा आम्ही सपाटा लावला. ड्रायव्हरसाहेबांच्या सुनेनं फोनवर शोधलं, तर त्या आडनावाचा एक दातांचा डॉक्टर निघाला. शेवटी ड्रायव्हरसाहेबांनाच लांबच्या गावी एका सलूनमध्ये, आरशामागे खोचलेली दुसरी रेकॉर्ड सापडली. कव्हरवर तोच डोंगर, या वेळी पाऊलवाट. तोच आवाज, आणि एका गाण्यात मधेच हुंदका. खोलीत वहिनींचा विषय मात्र कोणी काढायचं नाही. यंत्रावर घड्याळजींनी चादर टाकली होती.

तिसरी रेकॉर्ड मला मिळाली, जुन्या बाजारात. कव्हरवर डोंगर आणि आडनाव तेच, पण या वेळी कुंपणावर एक बाई बसलेली, हातात गिटार, खळखळून हसतेय. मला वाटलं, हीच ती. दादाची गेलेली बायको. घड्याळजींना तिचा चेहरा दाखवायला मिळणार म्हणून मी मनातून हरखलो.

दुकानदार म्हणाला, "काका, वाजवून बघा आधी. नंतर तक्रार नको." त्याच्या प्लेअरवर छोट्या रेकॉर्ड चालल्या होत्या, त्यामुळे वेगाचा खटका जलदवर होता. त्यानं तसाच राहू दिला आणि सुई टेकवली. मी सांगणार होतो, की खटका बदला. पण पाठीमागे दोन गिऱ्हाईकं उभी होती, आणि मला चारचौघांत असं बोलायला फार वेळ लागतो. मी घसा खाकरेपर्यंत गाणं सुरू झालं होतं.

एक बाई गात होती.

पहिल्यांदा मला वाटलं, वेग चुकलाय म्हणून आवाज बारीक आहे. पण वेग चुकला की आवाज खारीसारखा होतो, आणि गिटार टिणटिण करते. इथे गिटार गिटारसारखी वाजत होती. बाई श्वास घेत होती तो माणसानं घ्यावा तसा घेत होती. मधेच ती गाता गाता हसली. ते हसू मी ओळखलं. तेच हसू आमच्या दोन नंबरच्या रेकॉर्डवर होतं, फक्त मंद वेगात. आम्ही त्याला हुंदका समजत होतो.

मी सुईकडे बघतच राहिलो. दुकानदारानं विचारलं, "काका, बरं वाटत नाहीय का?" मी रेकॉर्ड पिशवीत घातली आणि तडक सिस्टरच्या घरी गेलो. ड्रायव्हरसाहेबांनाही तिथेच बोलावून घेतलं.

"बाई?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"बाई."

"आपला दादा?"

"छोट्या कंपनीच्या रेकॉर्ड असणार. त्यांनी मोठ्या रेकॉर्डसुद्धा जलद वेगावर काढल्या, आणि लेबलवर वेग छापलाच नाही. आपण आकार बघून खटका लावत गेलो."

सिस्टर खुर्चीत बसल्या. "मी त्याच्या छातीत धूर बसवला होता," त्या म्हणाल्या. "सगळा जन्म वॉर्डात काढला, आणि बाई की पुरुष ते कळलं नाही."

"माझं काय मग? मी तिला ट्रकवर बसवली." ड्रायव्हरसाहेब हसायला गेले, पण हसू आलं नाही. मग म्हणाले, "घड्याळजींना सांगायचं नाही. तो आवाज गेला तर शटर पुन्हा खाली येईल. त्या वेळी पायरीवर कोण बसलं होतं? आपणच ना? मी पुन्हा नाही बसणार."

"आणि कधी दुसऱ्याच कोणाकडून कळलं तर?" सिस्टर म्हणाल्या.

"कोण सांगतंय? एवढ्या मोठ्या जगात ती गाणी ऐकणारे आपण चारच दिसतोय."

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तसं. ठरलं, की रेकॉर्ड सिस्टरकडे कपाटात राहील.

शनिवारी आम्ही तिघं मुकाट जाऊन बसलो. घड्याळजींनी दादाची पहिली रेकॉर्ड लावली. तो आवाज सुरू झाला आणि मला कसंतरीच झालं. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्याआडून दुसरंच कोणी बघावं तसं. ड्रायव्हरसाहेब छताकडे बघत होते. सिस्टरनी डोळे मिटले होते.

गाणं संपलं. घड्याळजींनी चष्मा वर केला आणि मला म्हणाले, "तुम्ही मागे चालला आहात."

"मी?"

"दादा लावला की तुमची मान हलते. आज हलली नाही. काय झालं?"

"काही नाही," ड्रायव्हरसाहेब मधेच म्हणाले. "मान आखडलीय त्यांची."

"तुम्हाला नाही विचारलं."

खोटं बोलायचं म्हटलं तरी आधी बोलावं लागतं. मला दोन्ही जमेना. शेवटी मी एवढंच म्हणालो, "खटका जलद वेगावर टाकून बघा." ड्रायव्हरसाहेबांनी कपाळावर हात मारला.

"मोठी रेकॉर्ड आहे ही."

"तरीही."

त्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "कव्हरवर फोटो असलेली तिसरी रेकॉर्ड मिळालीय आम्हाला. बाई आहे ती, घड्याळजी. पहिल्यापासून बाईच गातेय."

घड्याळजींच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. मी घाबरलो. सिस्टर तर नाडी बघायला अर्ध्या उठल्याही होत्या. पुढच्या दुकानातली सगळी टिकटिक एकदम मोठी ऐकू यायला लागली. मग घड्याळजींनी सुई पुन्हा टेकवली. खटक्याला हात लावला नाही. दादा सुरू झाला, जड, ओढत. आणि आयुष्यभर ज्या माणसानं कोणाला रेकॉर्डला शिवू दिलं नाही, त्यानं स्वतःचं बोट तिच्या कडेला लावलं आणि तिला पुढे ढकललं.

आवाज बारीक झाला. बाईचा झाला. बोट घसरलं, पुन्हा दादा. त्यांनी पुन्हा ढकललं, पुन्हा बाई.

"ती सांगत होती," घड्याळजी म्हणाले.

त्यांनी सुई उचलली.

"इथे उभी राहून सांगत होती. बोट लावून दाखवलं मला. आणि मी तिला म्हणालो, वेगाचं मला शिकवू नकोस." त्यांचा हात अजून रेकॉर्डवरच होता. घड्याळातला केसासारखा बारीक स्क्रू पकडणारा हात. "सिस्टर, तुम्ही तिच्या शेजारी होता. ती अजून काहीतरी पुटपुटली होती. मी सुई उचलायच्या नादात होतो. काय म्हणाली ती?"

सिस्टरनी आठवून सांगितलं. "म्हणाल्या, आता कसा माझ्या ताईसारखा गातोय."

घड्याळजींच्या तोंडून एक आवाज आला. मला तो हुंदका वाटला. पण आम्ही हुंदक्याच्या बाबतीत एकदा फसलेलो असल्यामुळे मी नीट बघितलं, आणि ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसत होते. "तिची ताई," ते म्हणाले, "फार बेसूर गायची हो."

मग त्यांनी खटका जलद वेगावर टाकला आणि आम्ही पूर्ण बाजू ऐकली. नियम मोडून बोलत ऐकली. वहिनी काय काय म्हणायच्या, ते प्रत्येकानं सांगितलं. ड्रायव्हरसाहेबांना त्या एकदा म्हणाल्या होत्या, तुम्ही गाणं ऐकताना हॉर्न दाबल्यासारखं तोंड करता. इतक्या महिन्यांत त्या खोलीत वहिनींचा विषय पहिल्यांदा निघाला होता. निघताना ड्रायव्हरसाहेबांनी दारातून विचारलं, "आणि आपला दादा?"

"झोपलाय तो," घड्याळजी म्हणाले. "झोपू दे."

रविवारी दुकान बंदच असतं. सोमवारी मी मुद्दाम गल्लीतून गेलो. शटर वर होतं. त्यांनी माझं मनगट बघितलं आणि मला आत बोलावून घेतलं.

आता शनिवारी त्या बाईच्या तिन्ही रेकॉर्ड लागतात. प्रत्येक वेळी घड्याळजी आधी खटका मंद वेगावर ठेवतात, बोटानं कड ढकलतात, आवाज बाईचा झाला की मग खटका बदलतात. यंत्रावरची चादर काढली आहे. मागच्या आठवड्यात मी सहज पुढे होऊन बोट लावायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"सुई खराब होते," म्हणाले.