काकूंची चामडी चप्पल

आमच्या कुत्र्याला मिरगी आहे. हे मी आता भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगते. ऐकणारा आधी कुत्र्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि दोघांपैकी खरा पेशंट कोण ते ठरवत बसतो.

धारूरच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मीही त्यांच्याकडे असंच बघितलं होतं. एका म्हशीच्या पोटावरचा हात न काढता त्यांनी मला सगळं समजावलं. गोळी जन्मभर, सकाळ-संध्याकाळ. एक वेळही चुकवायची नाही, चुकली तर फिटमागून फिट येईल आणि त्यात तो जाईल. फिट आली की गर्दी होऊ द्यायची नाही, तोंडाजवळ हात न्यायचा नाही, ती आपोआप थांबते. "आणि कांदा-चप्पल काही हुंगवू नका," असंही वर सांगितलं.

गोळी देणं हा आमच्या घरातला रोजचा तमाशा. भाकरीत घालून दिली तर चिरंजीव भाकरी खात आणि गोळी फरशीवर काढून ठेवत, तीही अशी स्वच्छ की परत पाकिटात भरावी. लोण्यात दिली तर लोणी जाई, गोळी राही. शेवटी आमच्या ह्यांनी डोकं लढवलं. हे गोळी खव्यात लपवतात, भिंतीकडे तोंड करून बसतात आणि "मी कुणाला देणार नाही" असं म्हणत मचमच आवाज करतात. चिरंजीव मागून येऊन खवा हिसकावतात आणि कुणी परत मागू नये म्हणून न चावता गिळून टाकतात. हे आयुष्यभर हेडमास्तर होते, शाळेच्या स्नेहसंमेलनात कधी स्टेजवर चढले नाहीत. आता दिवसातून दोनदा चढतात.

गोळीने भूक भयंकर वाढते. पोटभर जेवून हा बाहेर जायचा आणि शेजारच्या दारांत असा चेहरा करून बसायचा की लोक मला विचारत, "बाई, कुत्र्याला उपाशी कावून ठेवायलात?" मी चिडून मिरगी, गोळी, भूक असं सगळं सांगायला लागे, तोवर त्याने तिसरं दार गाठलेलं असे.

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एकदा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराने त्याला आमच्या ओट्यावर फिट आलेली बघितली. तोंडाला फेस, पाय ताठ, डोळे पांढरे. मी धावत बाहेर आले, त्याला उचलून आत नेलं. तोवर लोक जमले, कुणीतरी कांदाही फोडून आणला. माझ्या डोक्यात डॉक्टरांचे शब्द, आणि माझा स्वभाव मुळात तापट. "काही आणू नका, कुणी आत येऊ नका," असं ओरडून मी आतून कडी लावली. पुढे प्रत्येक वेळी तेच केलं.

आमच्या गल्लीत असं कुणी करत नाही. मिरगी आली की सगळी गल्ली धावते, हा रिवाज आहे. कांदा जवळच्या घरातून येतो, चप्पल मात्र समोरच्या काकूंची लागते. कारण चप्पल चामड्याचीच हवी, आणि आता सगळ्यांच्या पायात रबर नाहीतर प्लास्टिक. काकूंची तेवढी जाड चामड्याची, वाटेत दगड आला तर दगडानेच बाजूला व्हावं अशी. त्या चपलेचा गल्लीत मान आहे. एवढा मान दारात आलेला असताना मी कडी लावून घेतली, म्हणजे आत लपवण्यासारखं काहीतरी असणार, असा लोकांनी अर्थ काढला. फेस येतो, दार बंद होतं, बाई कुणाला बघू देत नाही. कुत्रं पिसाळलंय.

मी लसीचं सांगितलं, डॉक्टरांचं नाव घेतलं, भांडलेसुद्धा. दुकानदार एवढंच म्हणाला, "बाई, घाटात नेऊन सोडा त्याला. न्हाईतर आमी सोडतो." घाटात त्याला सकाळ-संध्याकाळ खवा कोण चारणार होतं? मीही मास्तरीण, त्या दिवसापासून शाळेत शिकवतानाही लक्ष सगळं घराकडे. मला खरंच भीती वाटत होती.

मग एका सकाळी नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी आलं की गल्लीत माणूस घरात सापडत नाही, सगळे हंडे-कळशा घेऊन बाहेर. चिरंजीवही माझ्या पायात घोटाळत बाहेर आले आणि बरोबर सगळ्यांच्या मधोमध कोसळले. बायका मागे सरल्या. दुकानदाराने काठी उचलली. मी हंडा टाकून कुत्र्यावर ओणवी झाले.

काकूंनी कळशी खाली ठेवली आणि पायातली चप्पल काढून हातात घेतली.

"काठी कावून उचलायलास रे? पिसाळल्यालं हाय व्हय हे? मिरगी हाय ही. माज्या भावाला यायची, मी लई बघितलीय."

आणि गुडघ्यावर हात टेकत माझ्या शेजारी बसल्या. डॉक्टरांचं सगळं मला आठवलं, पण मी एवढंच म्हणाले, "काकू, जरा लांबून धरा, चुकून चावेल." त्यांनी वीतभर लांबून चप्पल धरली. पिसाळलेल्या कुत्र्याला चप्पल कुणी हुंगवत नाही, हे गल्लीतल्या लहान पोरालाही कळतं. काठी खाली गेली. "कांदा आना की," कुणीतरी म्हणालं.

फिट तिच्या वेळेने थांबली. श्रेय अर्थातच चपलेला गेलं. मी तोंड मिटून घेतलं, हे माझ्या बाबतीत फार क्वचित घडतं. चिरंजीव झोकांड्या खात उठले, सगळ्यांकडे बघितलं, काकूंच्या हातातली चप्पल तोंडात धरली आणि घरी निघून गेले. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले, दुकानदारसुद्धा.

संध्याकाळी मी चप्पल पुसून परत द्यायला गेले. पट्ट्यावर दातांच्या खुणा होत्या. काकू एका पायात रबरी, एका पायात चामडी घालून तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी म्हणाले, "काकू, आज तुम्ही होतात म्हणून तो राहिला." आणि मला रडू आलं.

"रडतीस कावून? बघितल्याबिगर मला कसं कळावं, तू तर दार लावून घ्यायचीस." चप्पल त्यांनी घेतली नाही. "ऱ्हाऊ दे तुज्याच दाराशी. घडीघडी मी कुटं पळत येऊ, गुडगे दुकतेत. दार तेवडं उगडं ठेवत जा."

आता आमच्या उंबऱ्याशी एकच चामडी चप्पल असते, आणि काकू दोन पायांत दोन तऱ्हा घालून बाजार करून येतात. पाहुणे दुसरी कुठेय विचारतात. दार उघडंच असतं, तिथूनच मी समोर बोट दाखवते.