मिठाने पक्की केलेली स्लॅब

मैनाबाई माझी थोरली बहीण आणि नानाजी तिचा नवरा. तोंडावर मी त्याला भाऊजी म्हणायचो, अहो-जाहो करायचो. लिहिताना ती सक्ती नाही, म्हणून इथे तो नुसता नानाजी. त्याची आठवण निघाली की आजही माझ्या दातांखाली रेती कचकचते आणि जेवणावरची वासना उडते.

आम्ही जातीचे कोष्टी. नागपूरच्या तांडापेठेतल्या त्यांच्या गल्लीत घरोघरी माग होते. नानाजी मात्र विणायचा नाही, सूत रंगवायचा. अंगणात चुलाण, त्यावर हंडे, हंड्यांत उकळता रंग आणि ओंजळीने मीठ. मिठामुळे रंग सुताला धरून राहतो, धुण्यात जात नाही. त्याचे हात कोपरापर्यंत निळे-जांभळे आणि नखांत पांढरी खार. त्याच हातांनी तो भात कालवायचा. रंगकाम चोख होतं, नाही म्हणणार नाही. पण त्या कामाने त्याच्या डोक्यात एकच शब्द भरला होता: पक्का. रंग पक्का, सोयरीक पक्की, माणूस पक्का. आणि जे पक्कं नाही त्यात मीठ कमी.

एक्कावन्न साली त्याने पुढच्या खोलीवरचे कवेलू, म्हणजे कौलं, उतरवले आणि स्लॅब टाकली. गल्लीतली पहिलीच. मे महिना, नळाला करंगळीएवढी धार. मिस्त्री पाण्यासाठी ओरडत होता. नानाजीने रंगाच्या हंड्यांत उरलेलं खारं पाणी आणून सिमेंट-रेतीच्या मालात ओतलं. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून वरून मिठाचं अर्धं पोतं रिकामं केलं.

"भाऊजी, हे काय करून राहिले?" मी विचारलं.

"पक्की करून राहिलो. मिठानं रंग पक्का होते, तं सिमिट काहून नाही होनार?"

"अन् तुमची लोखंडी बादली? दरसाली तिचं बूड गळून पडते, ते मिठानंच ना? यात सळया आहेत."

"बादली उघडी राहते गा. सळई सिमिटाच्या पोटात झाकून राहते. मीठ तिले पाहीन कुठून?"

मिस्त्री हसला आणि माल कालवत राहिला. पुढे स्लॅबवर रोज मारलं तेही तेच पाणी. नंतर तर वर ऊन चांगलं म्हणून हंडेच वर गेले. सुताच्या ओल्या लडी तिथेच टांगायच्या, त्यांचं खारं पाणी स्लॅबवर निथळायचं, आणि नानाजी खाली खाटेवर पडून छताकडे लेकराकडे पाहावं तसा पाहायचा.

दोन-तीन वर्षांत छताला सळयांच्या रेघांवर तांबडे डाग उमटले, कुणी पान खाऊन वर थुंकल्यासारखे. मग पोपडे निघाले. सळई गंजली की फुगते आणि फुगली की अंगावरचं सिमेंट ढकलून देते. हे कळायला शाळेत जावं लागत नाही, वर पाहावं लागतं. नानाजीने वर पाहणंच सोडलं. छताखाली मैनाबाईचं जुनं लुगडं आडवं ताणून बांधलं. पाहुण्यांना सांगायचा, शोभेसाठी आहे. पाहुणे जेवत असताना त्या शोभेत टपटप खडे पडायचे. लुगडं ओलं होऊन त्यातून तांबूस थेंब वरणात गळायचे. नानाजी बोटाने तो थेंब ढवळायचा आणि भुरका मारायचा. मी ताटावरून उठायचो.

त्या लुगड्याच्या बरोबर खाली मैनाबाईचा माग होता. तिच्या हातच्या लुगड्याच्या किनारीला इतवारीच्या बाजारात नाव होतं. ती रोज डोक्यावर पदर घट्ट ओढून मागावर बसायची; लाजेने नव्हे, भीतीने.

"माग मांगच्या पडवीत नेऊ द्या जी," माझ्यासमोर ती त्याला म्हणाली. "तिथं कवेलू आहेत. इथं जीव जाईन माझा."

"लोक काय म्हनतीन? पक्क्या घरची बाई कवेलूखाली बसते?"

मी पडवीत मागासाठी खड्डा खणायला घेतला, तर त्याने कुदळ हिसकली. संसार त्यांचा, मी पाहुणा. शिसारी गिळून घरी आलो.

नागपूरची राजधानी गेली त्या वर्षी, म्हणजे छप्पन साली, दिवाळीच्या तोंडावर, ती धोटा फेकत असताना छताचा पाटाएवढा तुकडा लुगडं फाडून खाली आला. डोकं वाचलं. उजवं मनगट चेचलं. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं की हाड जुळेल, पण मूठ वळणार नाही. म्हणजे धोटा संपला, किनार संपली.

हात गळ्यात बांधून मी तिला घरी आणलं. नानाजी त्या ढिगाऱ्यापाशी उकिडवा बसला होता. हातात सिमेंटचं ढेकूळ, त्यात रुतलेली सळई, तिचे पापुद्रे नखाने निघत होते. मला वाटलं, आता तरी याला रडू फुटेल. त्याने ढेकूळ तोंडाशी नेलं, जिभेने चाटलं आणि हंड्यातला रंग चाखावा तशी जीभ टाळूला लावली.

"मीठ कमी पडलं गा," तो मला म्हणाला. "डागडुजीले पुरं पोतं घेऊन ये."

मी अंगणात जाऊन खरोखरच ओकलो.

मैनाबाईने दारातून सगळं ऐकलं होतं. संध्याकाळी तिने डाव्या हाताने, सांडत-लवंडत, नवऱ्याचं ताट वाढलं. भात वाढला, वरण वाढलं. मग मिठाची बरणी काखेत धरून आणली आणि सगळी त्या भातावर उपडी केली.

"जेवा जी," ती म्हणाली. "पक्के व्हान."